सहा वर्षांत चौथी नोकरी. कामात जीव कुठून येणार?

पिंपरीकर
पुतणी हिंजवडीत आयटीत आहे. परवा नव्या नोकरीचे पेढे घेऊन आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एका जागी टिकणार कधी?" मी ३४ वर्षं एकाच कारखान्यात काढली. लेथवर लागलो, सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. माझ्या मशीनवरचा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्ट झाला की रात्री डोळा लागायचा नाही. दोन वर्षांत जायचंच ठरलेलं असेल, तर एवढी आच कोण लावून घेईल?

लालबागची नात
काका, तुम्ही पर्मनंट होतात. माझे आजोबा गिरणीत बदली कामगार. पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर आत, नाहीतर घरी. डबा भरलेला परत आला की आजी काही विचारायची नाही, मुकाट्यानं भाजी पुन्हा गरम करायची. अशी वर्षं काढून ते कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. आमच्या घरी गिरणीचा पगार पुन्हा आलाच नाही. ते साच्यावर, म्हणजे मागावर, जीव टाकायचे हो! आज तिथे टॉवर उभा आहे. हे ऐकत वाढलेल्या मुलीनं कंपनीवर कशाच्या भरवशावर जीव लावायचा?

पिंपरीकर
त्यांचं दुःख मी नाकारत नाही. पण ती माणसं एकमेकांसाठी उपाशी राहिली. दोन वर्षांत निघून जाणारा शेजारच्या खुर्चीवरल्यासाठी उभा राहील का?

लालबागची नात
हे लागलं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

एचआरवाला
माझ्याकडे थोडं आहे. आमच्या कंपनीत टिकून राहिलेल्याला वर्षाला आठ-दहा टक्के वाढ मिळते आणि त्याच कामाला बाहेरून येणाऱ्याला पंचवीस-तीस टक्के जास्त देऊन घेतो. ती पत्रं मीच काढतो. मुलांनी यातून काय शिकावं? आणि तरुणांना स्थैर्य नकोय, हेही खोटं. राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली. ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, त्यात तरुण शिक्षकही होते.

पिंपरीकर
काल पुतणीला फोन केला. रात्री दोनला सिस्टीम बंद पडली, लोकांचे पैसे अडकले, पहाटेपर्यंत बसून तिनं सुरू केली. तिचा कामात जीव नाही, हे माझं म्हणणं मागे घेतो. पण माझ्या उस्तादानं टूलला धार कशी द्यायची आणि नुसत्या आवाजावरून कट कसा ओळखायचा, हे मला चार महिने शेजारी उभं करून शिकवलं. तिला असं शिकवायला कुणी थांबलं नाही आणि आता ती नोटीस देऊन निघाली, तिच्या हातचं कुणाला दिलं विचारलं तर म्हणाली, "फाईल ठेवलीय." एचआरवाले, पगाराचं गणित समजलं. या फाईलचं काय करायचं ते सांगा.