नवरात्र ते दिवाळी : चिमुकल्यांचे हातचे उद्योग, तुमचे अनुभव लिहा

मृद्गंधा
काल माळ्यावरून घंगाळ काढताना माझी जुनी दगडी पाटी सापडली. दसऱ्याला आजी हिच्यावर माझ्याकडून एकच्या आकड्यांची सरस्वती काढून घ्यायची. १ सुलटा, शेजारी १ उलटा, असे मांडत जायचे आणि रेघांनी जोडायचे. मग हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. अक्षरओळख व्हायच्या आधीच बोटांना वळण लागायचं, हे मला आत्ता कळतंय. माझा मुलगा साडेतीनचा. जाड खडू दिला की मुठीत धरतो, पण पाटीवरच्या पेन्सिलीचा बोटभरसुद्धा नसलेला तुकडा दिला तर आपोआप चिमटीत येतो! काल अर्धा तास मान वर केली नाही पठ्ठ्याने.
तुम्ही या दिवसांत अडीच ते सहाच्या मुलांबरोबर काय करता? विकतची किट नकोत. पानं, फुलं, माती, कागद, असं काहीही. सविस्तर लिहा.

रानजाई
प्राजक्त!! शेजारच्या काकूंचं झाड आमच्या अंगणात सडा घालतं. सकाळी लेक परडी घेऊन बसते. पाकळ्या एका ताटलीत, केशरी देठ वाटीत. देठ खुडायला बोटांची टोकंच लागतात, त्यामुळे चिमटीचा व्यायाम आलाच. वाटीत गरम पाणी मी ओतते. तासाभरात केशरी रंग उतरतो, मग कापसाच्या बोळ्याने कागदावर सूर्य, संत्री, वाघ. वाघ फार होतात आमच्याकडे. बाकीचं नंतर लिहिते, कुकर झाला.

वैदर्भी_पोर
आमच्याकडे भुलाबाई, म्हणजे विदर्भातला भोंडलाच. भाद्रपद पौर्णिमेला बसते ते कोजागिरीपर्यंत. गाण्यांपेक्षा पोट्ट्यांना खाऊ ओळखायचीच घाई. डबा हलवून बघायचा, कान लावायचा, झाकणाला नाक लावायचं. माझी चार वर्षांची पोरगी ‘गोल आहे का? कुरकुरीत आहे का? कालच्यासारखा आहे का?’ असं एकेक विचारत जाते. प्रश्न विचारायला ती इथेच शिकली. काल डब्यातून शंकरपाळे निघाले तर ‘आवाज खोटा होता’ म्हणे!

अनघा_के
@वैदर्भी_पोर, आवाज खोटा होता 😂 शंकरपाळे खुसखुशीत व्हायला मोहन किती घालता? माझे दगड होतात.

वैदर्भी_पोर
@अनघा_के तूप कडकडीत गरम करून घाला. पिठाची मूठ वळली पाहिजे. बाकी व्यक्तिगत निरोपात लिहिते.

कोसबाडची_ताई
छान धागा. मी बालवाडीत शिकवत होते, आता निवृत्त. आमच्या कोसबाडच्या टेकडीवर (डहाणूजवळ) बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पानं, बिया, शंखशिंपले, माती हीच साधनं मानली. १९५७ला जवळच्या बोर्डीहून त्यांचं बालवाडीचं काम इथे आलं. आदिवासी पाड्यांतल्या मुलांना जे रोज हाताळायला मिळतं त्यातूनच मोजणी, लहानमोठं, जोड्या लावणं. चिंचोक्यांची एक बाजू घासून पांढरी केली की झाले फासे. पाच टाका, किती पांढरे, किती काळे? बेरीज बसल्याजागी येते.
एक कळकळीने सांगते. गुंजा दिसायला गोजिऱ्या, पण विषारी. एरंडाच्या बियाही तशाच. कण्हेरीची फुलंपानं मुलांच्या हातात देऊ नका. आणि तीनच्या आतल्यांना कुठलीच बारीक बी नको, नाकात घालतात.

मृद्गंधा
@कोसबाडची_ताई गुंजांचं माहीत नव्हतं, फार आभार. देवघरात एक डबी आहे, आजच वर ठेवते.

इसारकाठी
म्युनिकहून. इथे आता पानगळ. मुलाच्या ‘किटा’मध्ये (पाळणाघर आणि बालवाडी एकत्र) सगळे घोडचेस्टनट वेचतात. तपकिरी, गुळगुळीत, खायचे नाहीत. मोठ्यांनी भोक पाडून द्यायचं, मुलं काडी खोचून माणसं-प्राणी करतात. आमचा गणपती झाला, सोंडेला वाकडं देठ. पानांचे ठसे घेताना शिरांची बाजू वर हवी, कागद पातळ, खडू आडवा धरून घासायचा. पान ताजं असेल तर शिरा मस्त उठतात, वाळकं चुरतं.
आणि ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. मुलं अंधार पडल्यावर हातात कागदी कंदील घेऊन गात फिरतात. गोल चीजच्या डब्याचं बूड, भोवती पारदर्शक रंगीत कागद. मुलाने तोच कंदील दिवाळीला बाल्कनीत लावायचा हट्ट धरला. लावला. खाली झिरमिळ्या मी चिकटवल्या. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिला आणि डोळे पुसले.

शमिका
@इसारकाठी वाचून मलाही भरून आलं.
आमच्या मुलीच्या शाळेतून निरोप आलाय, ‘आकाशकंदील बनवून आणा, सुबक असावा, बक्षीस आहे’. वय वर्षं चार! वर्गातले सगळे कंदील आईबाबांचे. हिने एक केलाय, वर्तमानपत्राचा, दोन बाजूंनी फाटलेला, भरपूर खळ. मी तोच पाठवणार आहे.

रानजाई
पाठवच. बक्षीस आमच्याकडून.

किल्लेदार७८
बाप लोक कुठे आहेत? किल्ल्यावर कोणीच बोललं नाही अजून!
बालवाडीच्या वयाला किल्ला म्हणजे चिखल, आणि तो करू द्यावा. विटा आणि पोती मी रचतो, लेप मुलीचा. चिखल किती घट्ट हवा हे ती आता स्वतः सांगते, ‘बाबा, घसरतोय, माती टाक’. हळीव आधी भिजवू नका, बुळबुळीत गोळा होतो. कोरडे, मूठभर मातीत मिसळून भुरभुरायचे आणि फवाऱ्याने पाणी. तीनेक दिवसांत हिरवं दिसतं, म्हणून वसुबारसेच्या आधी पेरा. पोर दर तासाला बघायला जाते. थांबायला शिकवणारं याहून चांगलं काही मला माहीत नाही.
मावळे तिने सगळे आडवे ठेवले. ‘दमलेत, झोपलेत.’ महाराज तेवढे जागे.

माशेलकन्या
महाराज जागे ❤️
आमच्या गोव्यात दिवाळीला नरकासुराचे पुतळे. पहाटे जाळतात तेव्हा माझा भाचा घाबरून रडला होता. म्हणून त्याच्याकडूनच छोटा करून घेतला, खोक्याचं पोट, आत गवत, डोळ्यांना बांगड्या. आता मोठ्यासमोर उभा राहून सांगतो, ‘ह्याच्या पोटात खोका असा (आहे)’.

अनघा_के
आपट्याच्या पानाचं कुणी करतं का? बाजारात कांचन देतात बहुतेक.

कोसबाडची_ताई
@अनघा_के आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त. कांचनाचं मोठं. फांद्या ओरबाडू नका, एकच पान पुरतं. मध्ये दुमडा, एका अर्ध्याला रंग, मिटा, उघडा. दोन्ही पाकळ्या सारख्या उमटतात, मुलं हरखतात.

शमिका
ताई, मुलगी पाटीवरची पेन्सिल खाते, काय करू?

कोसबाडची_ताई
रागावू नकोस. डॉक्टरांना दाखव, हिमोग्लोबिन तपासून घे. लोह कमी असलं तरी मुलं असं खातात.

नवव्या_मजल्यावरून
@किल्लेदार७८ फ्लॅटमध्ये माती कुठून आणायची?

किल्लेदार७८
नर्सरीतून लाल मातीचं पोतं. मोठ्या परातीत करा, खाली जुनी चादर. मावशींना आधी सांगून ठेवा मात्र.