बीए इंग्रजी: भाषाकौशल्याचा पेपर पाठ करून भागेल का?

प्रश्न: मुलगी इथे वडोदऱ्यात सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी घेऊन बीए करतेय. कादंबऱ्या मन लावून वाचते, पण वर्गात बोलायचं म्हटलं की गप्प. काय करावं?

उत्तर: ताई, पाठांतराने अजिबात भागणार नाही! मी हाच विषय शिकवते. ब्रिटिश प्रमाण उच्चारात ४४ ध्वनी धरतात. आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्ही एकाच 'व'वर उरकतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठांचा नुसता चंबू. आरशासमोर करून बघायला सांगा, फरक लगेच दिसतो.

दुसरं उत्तर: शिवाय विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत बसून उताऱ्यांचे सारांश लिहू दे, मूळच्या एक तृतीयांश.

प्रश्नकर्ती: आधी मराठीत सांगून मग लिहिला तर?

उत्तर: जरूर. मुद्दा समजला की वाक्यं सुचतात.