मदत हवी आहे: आईचं सी. डिफ (आतड्याचा जंतुसंसर्ग) दुसऱ्यांदा उलटलंय, डॉक्टर 'विष्ठा-रोपण' म्हणताहेत

नमस्कार मंडळी. औषधोपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू आहेत. इथे विचारायचंय ते अनुभवाचं, आणि थोडं आईला समजवायचं कसं याचं. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई ७२ वर्षांची. श्रावणात दाढ सुजली म्हणून दातांच्या डॉक्टरांनी सात दिवस क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलं. दाढ बसली आणि पोट सुटलं. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, त्यामुळे सगळं खापर नारळीभातावर. मग जायफळ उगाळून झालं, डाळिंबाचा रस झाला, ताक तर तांब्याने. तिसऱ्या दिवशी दहा-बारा वेळा जावं लागायला लागलं, तेव्हा मी मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून दिली. या आजारात ती गोळी देऊ नये, आतडं थंडावतं आणि जंतूंचं विष आत कोंडून राहतं, हे नंतर कळलं. ते अजून मनातून जात नाही.

दवाखान्यात आधी 'इन्फेक्शन' म्हणून आणखी एक अँटिबायोटिक चढवलं. चार दिवसांनी एका नर्सताईंनी वासावरून ओळखलं म्हणा ना, त्यांनी विष्ठेची तपासणी करायला लावली. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल, म्हणजे हेच सी. डिफ. टॉक्सिन (जंतूचं विष) पॉझिटिव्ह.

मग व्हॅन्कोमायसिन, १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चारदा, दहा दिवस. कॅप्सूल मिळाल्या नाहीत म्हणून इंजेक्शनचीच बाटली पाण्यात मिसळून प्यायला दिली. आई म्हणाली, "सुईचं औषध पितात होय गं?" तर शिरेतून दिलेलं ते आतड्यात पोचत नाही, आणि तोंडाने घेतलेलं आतड्यातच राहतं, रक्तात जात नाही. इथे तेच हवं असतं. गुण आला. बाराव्या दिवशी पुन्हा तेच. मग डोस हळूहळू उतरवत सहा आठवडे दिलं, ते संपलं आणि आता परत. वजन ५४ वरून ४५.

आता पोटाचे डॉक्टर म्हणताहेत, निरोगी माणसाची विष्ठा कोलोनोस्कोपीने (गुदद्वारातून नळी घालून) आतड्यात सोडू. मी ऐकून घेतलं, भावाने (तो न्यू जर्सीत असतो) लगेच वाचून काढलं. आईला सांगायचं कोणी? देवघरात जाताना आजही सोवळं नेसते ती. ती दवाखान्यातून उठून चालू लागेल.

कुणाच्या घरी हे केलंय का? दाता कसा निवडला? आणि तोवर मेडिकलमधली प्रोबायोटिकची (चांगल्या जिवाणूंची) पाकिटं द्यावीत का? मामा रोज फोनवर तेच विचारतो.

---

सूक्ष्मदर्शी: मी जंतूशास्त्राच्या लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. पण त्या गोळीचं मनाला लावून घेऊ नका. निम्म्या घरांत हेच होतं.

मुळात झालंय काय, ते सांगतो. वावर औषध मारून मोकळं ठेवलं की पहिल्या पावसात काय उगवतं? गाजरगवत. पेरलेलं असतं का कुणी? बी तिथेच पडलेलं असतं. सी. डिफचे बीजाणू तसेच, आणि अँटिबायोटिक त्यांना मारत नाही. एरवी त्यांना डोकं वर काढू देत नाहीत ते आपले नेहमीचे जिवाणू. यकृतातून येणाऱ्या पित्ताम्लांचं काही जिवाणू वेगळ्या आम्लांत रूपांतर करतात. मूळ पित्ताम्लं बीजाणूंना जागं करतात, रूपांतरित आम्लं त्यांची वाढ रोखतात. क्लिंडामायसिनने हे रूपांतर करणारेच मेले. व्हॅन्कोमायसिन उगवलेल्या सी. डिफला मारतं, बीजाणूंना नाही, पण उरल्यासुरल्या चांगल्यांनाही मारतं. म्हणून बंद केलं की पुन्हा गाजरगवत.

रोपणाची कल्पना नवी नाही. १९५८ साली अमेरिकेत बेन आयझमन या शल्यचिकित्सकाने चार रुग्णांना एनिमातून हेच दिलं होतं. पण नीट चाचणी व्हायला २०१३ उजाडलं, नेदरलँड्समध्ये. वारंवार उलटणाऱ्या १६ जणांना नाकातून नळी घालून दिलं, १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले, दुसऱ्यांदा दिल्यावर आणखी दोन. नुसत्या व्हॅन्कोमायसिनवरचे १३ पैकी ४. फरक एवढा दिसला की चाचणी आधीच थांबवली.

आता दुसरी बाजू, जी भाऊ कदाचित वगळेल. २०१९ मध्ये अमेरिकेत एका दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय हा जंतू दोन रुग्णांत गेला, त्यातला एक दगावला. त्या विष्ठेची तशी तपासणीच झाली नव्हती. म्हणून 'घरचाच आहे, तब्येत ठणठणीत आहे' एवढ्यावर भागवू नका. कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, परजीवी, सी. डिफ आणि हे प्रतिकारक जंतू, सगळं तपासलेलं कागदावर मागा. दात्याने गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नसावं.

प्रोबायोटिकचं: २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांना दिसलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. ती माणसं निरोगी होती, त्यामुळे आईला जसंच्या तसं लावू नका. पण मामाला सांगायला पुरेसं आहे.

---

कोकमकढी: सासऱ्यांचं केलंय, दोन वर्षांपूर्वी. प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासाचं. दाता शोधण्यात तीन आठवडे गेले: पहिला पुतण्या तपासणीत नापास, दुसरा सुईलाच घाबरला. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पितात, ते जड जातं, क्षीण माणसाला फार. त्यासाठी एक दिवस आधीच भरती करा. करायच्या आधी व्हॅन्कोमायसिन कधी थांबवायचं तेही विचारून घ्या.

घरातलं एक कुणी सांगत नाही म्हणून सांगते. सॅनिटायझरने हे बीजाणू मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी, दर वेळी. संडासाला नुसतं फिनेल नको, ब्लीचिंगचं पाणी. जमलं तर आईंचा संडास वेगळा ठेवा.

बरं वाटल्यावर 'खात्रीसाठी' पुन्हा तपासणी करू नका. ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि उगाच घाबरगुंडी उडते. आमची उडाली.

---

रिकामटेकडा: आपल्या अंगात पेशींच्या दहापट जंतू असतात म्हणे, मग एवढ्याशा दाढेच्या गोळीने काय होतं? आणि ऑनलाइन 'गट स्कोअर' (विष्ठेतले जंतू तपासून आतड्याला दिलेले गुण) काढून देतात, ते करून पाहा की.

सूक्ष्मदर्शी: दहापट ही जुनी समजूत. २०१६ च्या हिशेबात जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि पेशी ३० लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरी. गट स्कोअरने या आजाराचं निदान होत नाही, ते पैसे दात्याच्या तपासण्यांना ठेवा.

---

कोकमकढी: आणि सासऱ्यांना कसं सांगितलं ते राहिलंच. सासूबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "आपलं विरजण नासलं की मी शेजारून वाटीभर आणते ना? तसंच." विष्ठा हा शब्द तेव्हा कुणी काढला नाही, डॉक्टरांनी नंतर संमतिपत्रावर सही घेताना सगळं स्वच्छ सांगितलं. लपवू नका, पण सुरुवात कुठून करायची ते आपल्या हातात असतं.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. मामाला वाइझमन पाठवलं, फोन बंद आहे.

काल दुपारी आईजवळ बसले. आधी विरजण, मग जे आहे ते. 'विष्ठा' म्हटल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं, संपलं. मी उठून तिची पेज ढवळायला गेले. पाचेक मिनिटांनी आतून हाक आली.

"विरजण कुणाकडचं आणणार?"

ताईचा मोठा, चोवीस वर्षांचा, तयार आहे म्हटलं.

"तो बाहेरचं फार खातो. त्याला आधी महिनाभर घरचं खायला घाल म्हणावं."

उद्या त्याचं रक्त तपासायला नेतेय.