मदत हवी आहे: अमेरिकेत सिनेटच्या मंजुरीविना हंगामी अ‍ॅटर्नी जनरल
मंडळी, कायद्याच्या एलएलएम पदवीच्या निबंधात अडकलेय. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) सेशन्स यांच्या राजीनाम्यानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सेशन्स यांचेच चीफ ऑफ स्टाफ व्हिटेकर यांना हंगामी अ‍ॅटर्नी जनरल नेमलं. सिनेटने मंजूर केलेले खात्यातले क्रमांक दोनचे अधिकारी, डेप्युटी रोझेनस्टाइन, हजर असताना! रिक्त पदांचा १९९८ चा कायदा, त्यातली ९० दिवसांच्या नोकरीची अट, या नेमणुकीचं न्याय खात्याने केलेलं समर्थन आणि सुप्रीम कोर्टाचे न्या. थॉमस यांचं २०१७ चं स्वतंत्र मत वाचून झालंय. समर्थनाचा मोठा भार सुप्रीम कोर्टाच्या १८९८ च्या ईटन खटल्यावर आहे; त्यात सिनेटच्या मंजुरीविना तात्पुरतं काम पाहणं वैध ठरलं होतं. पण तिथे सयाममधले (आजचा थायलंड) अमेरिकेचे कॉन्सुल जनरल आजारी पडले, म्हणून ईटन यांनी तात्पुरतं काम सांभाळलं. इथे सरळ राजीनामा. मला हा फरक फार मोठा वाटतो. वर्तमानपत्री लेख नकोत, निकालच हवेत. राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या मंत्रिपदालाही ईटन लागू होतो का, यावर कोणत्या अपील कोर्टाने थेट निर्णय दिलाय?