तळ्यातलं पाणी मुरतंय की उडतंय, कसं ओळखावं?

शेताच्या सखल कोपऱ्यात तळं खोदलंय. वर चिकणमाती, पण तळाशी एका बाजूला मुरूम उघडा पडलाय. पावसात काठोकाठ भरलं, आता मात्र पातळी रोज बोटभर उतरतेय. घरच्यांचं मत, तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरा आणि मोकळे व्हा. मला कागद नकोय. काठाला लव्हाळं, पाण्यात बेडूक असं तळं हवंय, शिवाय गुरं उतरतात, त्यांच्या खुरांखाली कागद टिकायचा नाही. नुसत्या मातीने गळती थांबते का? पाणीही हिरवंगार झालंय. औषध मारू का?

प्रतिसाद: आधी गळती आहे का ते तर बघा. उथळ पाण्यात दगड घालून बादली ठेवा, आतबाहेर पाणी एका पातळीला आणा. बादलीत उतरेल ते उन्हावाऱ्याचं, बाहेर त्याहून जास्त उतरेल तेवढा पाझर. तोवर पंप बंद, गुरं लांब आणि पाऊस नको. कडक उन्हाळ्यात नुसतं उडूनच दिवसाला ५ ते १० मिमी पाणी जाऊ शकतं, त्यामुळे सगळा दोष मुरमाला देऊ नका. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसते का, तेही पाहा. तिथे ओल असेल तर तळ लिंपून उपयोग नाही.

धागाकर्ता: बादली ठेवून पाहिली. बाहेरची पातळी बरीच जास्त उतरली, बांध कोरडा आहे. म्हणजे मुरूमच ना?

दुसरा प्रतिसाद: बहुतेक तोच. तळं आटलं की मुरूम थोडा खरवडा आणि चिकणमाती ओलवून १५ सेमीच्या थरांनी दाबत किमान ३० सेमी जाडी करा. रोलर नसेल तर गुरांकडून तुडवून घ्या, खुरांचा तेवढा तरी फायदा! माती चालेल का हे कळायला ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करून वाकवा. तुटली नाही तर चालेल. माती कमी पडली तर सोडियम बेंटोनाइट (एक प्रकारच्या चिकणमातीची पूड) मिसळा, ते भिजलं की फुगून फटी बुजवतं. लिंपलेला थर वाळू देऊ नका, भेगा पडल्या की सगळं मुसळ केरात.

औषध अजिबात नको. शेवाळ एकदम मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे असतील तर तेही मरतात. शेण आणि खताचं पाणी आत येतंय, ते अडवा. गुरांना बाहेर हौद बांधा, आणि येणारं पाणी आधी गवताच्या पट्ट्यातून जाऊ द्या.

धागाकर्ता: हौदाचं डोक्यातच नव्हतं. बांधावर बाभळी उगवल्यात, त्या ठेवू का?

दुसरा प्रतिसाद: रोपं आहेत तोवरच उपटा. मोठ्या झाडाची मुळं कुजली की बांधात पोकळ्या राहतात. तिथे गवतच बरं.