ताळगाव पठारावरचे ते वर्ष : अहवालात न आलेले अनुभव

गोवा विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये वाणिज्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र असे चारही विषय एका छताखाली आहेत. मी एम.कॉम.ला होते. मार्च २०२० मध्ये, करोनामुळे लागलेल्या जनता कर्फ्यूच्या दोन-तीन दिवस आधी, आम्ही वसतिगृहातून घरी निघालो ते ‘पंधरा दिवसांत येतोच’ असे सांगून. माझा जेवणाचा डबा खोलीतच राहिला.

वार्षिक अहवालात परिसंवाद, शोधनिबंध आणि नोकऱ्यांचे आकडे येतात, आणि ते यायलाच हवेत, कारण त्यामागे पुष्कळ जणांची मेहनत असते. पण त्या वर्षी ज्या गोष्टी आपण सांभाळल्या त्यांना अहवालात रकाना नाही. त्या इथे लिहाव्यात. विद्यार्थी, शिक्षक, पालक, सगळ्यांनी लिहा. आतापर्यंत आलेले अनुभव खाली दिले आहेत.

एमसीए, सत्तरी

आमचा गाव वाळपईच्या पुढे. घरात रेंज नाही. मागच्या डोंगरावर काजूच्या बागेत एक खडक आहे, तिथे दोन दांड्या येतात. एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम. आई-बाबा खाली बोंडू वेचायचे आणि मी खडकावर लॅपटॉप उघडून बसायचो. बाबांचा ट्रक खाणीवर होता. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हापासून काजूच्या बिया हाच आमच्याकडचा रोख पैसा. मोबाइलचे रिचार्ज मारताना किती किलो बिया गेल्या याचा हिशेब मनात व्हायचाच.

जूनमध्ये पाऊस लागला. आधी लॅपटॉपवर छत्री धरून पाहिली. मग भावाने चार वासे रोवून वर ताडपत्री बांधली आणि त्या खोपीत आमचा प्रोजेक्ट पुरा झाला. गट चौघांचा होता. मी घरी कोड लिहून संध्याकाळी वर जाऊन पाठवायचो, तोवर पणजीतल्या मित्राने तीच फाइल बदललेली असायची. दोनदा आठवड्याचे काम वाया गेले. मग गिटवर (एकाच कोडवर अनेकांनी काम करताना बदल सांभाळणारे साधन) प्रत्येकाने आपली शाखा, म्हणजे कोडची स्वतःची प्रत, वेगळी ठेवायची आणि एकानेच त्या जोडायच्या असे ठरले. हे वर्गात शिकवले होते, पण हाताला वळण त्या डोंगरावर लागले. आज नोकरीत रोज तेच करतो. (एमसीए तेव्हा तीन वर्षांचे होते, २०२०-२१ पासून दोन वर्षांचे झाले. आमच्याकडे ते जादा वर्ष होते म्हणून सावरलो असे मला वाटते.)

शिकवणारी, वाणिज्य

ऑनलाइन तास सुरू झाले तेव्हा पहिले आठ दिवस मी पडद्यावरच्या काळ्या चौकोनांशी बोलत होते, कारण मुलांचे कॅमेरे बंद असायचे. मुले ऐकतात की नाही ते कळेना. एका मुलीने रात्री मेसेज केला : ‘मॅडम, तुमचा एक तास पाहिला की आमचा दिवसाचा डेटा संपतो.’ दुसऱ्या दिवसापासून मी दहा-दहा मिनिटांचे आवाजी पाठ करून व्हॉट्सॲपवर टाकू लागले, आणि सोबत वहीच्या पानाचा फोटो. तासाला फक्त शंका.

परीक्षेचा प्रश्न अवघड होता. घरी बसून सोडवायच्या पेपरात व्याख्या विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून प्रत्येकाला वेगळ्या कंपनीचा ताळेबंद दिला आणि विचारले, हिला तुम्ही कर्ज द्याल का, आणि का? तपासायला तिप्पट वेळ लागला. पण मुलांनी इतके मनापासून मी आधी कधी लिहिलेले पाहिले नव्हते. ती पद्धत मी अजून सोडलेली नाही.

एमबीए, डिचोली

इंटर्नशिप ठरलेली होती. कंपनीने दोन ओळींचा मेल पाठवून ती रद्द केली. फार लागले ते मनाला. त्याच दिवसांत चोर्ला घाटातून येणारी बेळगावची भाजी थांबली आणि आमच्या वाड्यावर कांदा मिळेना. मी आणि चुलतभावाने घरोघरच्या याद्या एकत्र केल्या, गावातल्या शेतकऱ्यांकडे लाल भाजी, वाल, भेंडी किती आहे ते विचारले आणि एका दुकानदाराच्या टेंपोतून वाटप सुरू केले. मागणीचा अंदाज पहिल्या आठवड्यात साफ चुकला, भेंडी उरली. तिसऱ्या आठवड्यात जमले. सरांना फोनवर सांगितले, तर ते म्हणाले, ‘यावरच अहवाल लिही.’

एम.ए., वास्को

१ जून २०२० ला मांगोर हिल कंटेन्मेंट झोन झाले, म्हणजे करोनामुळे तिथली ये-जा बंद केली. आमचे घर त्यात. पुस्तके वर्गमैत्रिणीने पाने-पाने फोटो काढून पाठवली. चारशेच्या वर पाने होती. तिचे उपकार मी कुठेही नोंदले नव्हते, म्हणून इथे लिहिले.

पालक, पेडणे

मुलीची पीएचडीची मौखिक परीक्षा घरून होती. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाड पडून आमची वीज गेली होती, ती परत येऊन थोडेच दिवस झाले होते. शेजाऱ्यांनी इन्व्हर्टर आणून दिला. मी स्वयंपाकघरात बसून सगळे ऐकले. एरवी आम्हाला परीक्षेच्या खोलीत कोणी घेतले असते? ती काय शिकली ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

एम.ए. अर्थशास्त्र, बार्देश

माझा प्रबंध कळंगुटच्या शॅकवाल्यांवर, म्हणजे किनाऱ्यावर हंगामापुरती खानावळ थाटणाऱ्यांवर होता. किनाऱ्यावर जाऊन प्रश्नावल्या भरायच्या होत्या, आणि मार्चमध्ये चार्टर विमाने थांबली, किनारा रिकामा झाला. मग फोन केले. प्रश्नावलीला दहा मिनिटांत उत्तरे देऊन मोकळी झाली असती ती माणसे फोनवर तासभर बोलली : हंगाम ऑक्टोबरला उभा करायला किती घातले, कामगारांना गावी पाठवायला किती, उधारी कोणाची. मी सगळे तक्त्यांत मांडले. त्यातल्या एका काकांनी नंतर त्यांच्या शॅकचा तेवढा तक्ता मागून घेतला. बँकेत नव्या कर्जाच्या अर्जाला जोडायचा होता. मी इंग्रजीतला होता तो त्यांच्यासाठी मराठीत करून दिला, आणि त्याखाली सही केली.