सायकलच्या मागच्या एअर शॉकचा सॅग (आपल्या वजनाने शॉक किती दबतो ते) रोज वेगळा येतोय. सील गेलंय की माझंच चुकतंय?

मंडळी, नमस्कार.

आठ वर्षं हार्डटेल (मागे शॉक नसलेली) चालवली आणि दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड फुल सस्पेन्शन सायकल घेतली. मागे १३० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली जाण्याची मर्यादा), एअर शॉक २१० × ५० मापाचा, म्हणजे लांबी २१० मिमी आणि स्ट्रोक (शॉक दबण्याची मर्यादा) ५० मिमी. माझं वजन ७८ किलो. हेल्मेट, बूट, पाण्याची बॅग धरून ८३.

ज्यांच्याकडून घेतली ते म्हणाले, "वजनाचे पाउंड करा, तेवढे पीएसआय भरा, मग सॅग बघून कमीजास्त करा." ८३ किलोचे १८३ पाउंड होतात, म्हणून १८० भरले. भिंतीला हात टेकवून सीटवर बसलो, ओ-रिंग (शॉक किती दबला ते दाखवणारं रबरी कडं) १३ मिमीवर आली. ५० चे २६ टक्के. खूश झालो. दुसऱ्या दिवशी वेताळ टेकडीवर दोन तास चालवून आलो, तर तोच सॅग १९ मिमी! पंप लावला, काटा १५० वर. परत १८० केले. पंप काढताना 'फुस्स' आवाज आला, म्हणून खात्री करायला लगेच पुन्हा लावला, तर १६५. असं तीनदा झालं.

दुसरा त्रास उतारावर. सुट्या मुरुमावर ठीक चालते, पण सलग दगडी पायऱ्या आल्या की पहिल्या दोन मऊ जातात आणि पाचव्या-सहाव्यापर्यंत बूड आपटायला लागतं. उडी एकही मारली नाही, तरी ओ-रिंग ४६ मिमीपर्यंत जाते. हवा १९५ केली तर साध्या रस्त्यावरही दणके. (रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारा लाल नॉब मी जवळजवळ बंद ठेवलाय, पार्किंगमध्ये दाबून बघितलं तर फार उसळत होती.)

एका दुकानात दाखवली. न बघताच "सील गेलं, शॉक उघडावा लागेल" म्हणाले आणि आकडा असा सांगितला की घरी सांगायची हिंमत नाही. उघडू का?

प्रतिसाद १
थांबा, उघडू नका. पंप लावून दाब तपासणं आधी बंद करा. पंपाची नळी रिकामी असते, ती शॉकमधलीच हवा घेऊन भरते. शॉकमधली जागा इतकी लहान की तेवढ्यानेच काटा १०-१५ ने खाली येतो. काढताना जे फुस्स होतं ती बहुतेक नळीतली हवा. म्हणजे तुम्ही तपासता तेव्हा तुम्हीच हवा काढता!

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण १८० चे १५० नुसत्या नळीने होत नाहीत. हवा भरताना शॉक मधेमधे दाबला होता का? नसणार. एअर शॉकमध्ये दोन कप्पे असतात. तुम्ही भरता तो मोठा, आणि त्याच्या उलट बाजूने ढकलणारा एक छोटा निगेटिव्ह कप्पा. दोघांमधली वाट शॉक थोडा दबल्यावरच उघडते. तुम्ही १८० भरले ते सगळे एकाच कप्प्यात, म्हणून घरात शॉक कडक लागला आणि सॅग १३ आला. टेकडीवर शॉक दबत राहिला, दुसरा कप्पा भरला, पहिल्यातला दाब उतरला, सॅग १९. हवा बाहेर कुठेच गेली नाही, घरातल्या घरात सरकली.

आता असं करा. क्लाइंब स्विच (चढावर शॉक कडक करणारा) पूर्ण उघडा, शॉक थंड असू द्या (उतारावरून आल्याआल्या तापलेला असतो, दाब जास्त दाखवतो). दर ५० पीएसआय भरले की पंप तसाच ठेवून सीटवर भार देत शॉक हळूहळू दहा-बारा वेळा दाबा, पाव स्ट्रोकपर्यंत पुरे. काटा पडेल, पुन्हा भरा. मग पाण्यासकट सगळा जामानिमा चढवून, पेडलवर उभं राहून, चालवताना असता तसा पवित्रा घ्या. सीटवर बसून मोजलं की सगळा भार मागे येतो. सायकल धरायला घरातलं कोणीतरी बोलवा, ओ-रिंग सीलला टेकवायला लावा आणि हिंदकळू न देता खाली उतरा. १५ मिमी आला की ३० टक्के, तुमच्या वापराला ठीक. तेव्हा पंपावर काय आकडा आहे तो लिहून ठेवा, पण त्याला देव मानू नका. दुसरा पंप दुसरा आकडा दाखवेल.

खरी गोम मात्र तुम्ही कंसात टाकलीय. रिबाउंड बंद ठेवलात म्हणजे शॉक दबतो पण वेळेत वर येत नाही. पहिल्या पायरीला खाली गेला, सावरायच्या आत दुसरी, मग तिसरी. सहाव्या पायरीला तुमच्याकडे ट्रॅव्हल उरतच नाही. म्हणून बूडही आपटतं आणि ओ-रिंगही टोकाला जाते. हवा वाढवून हे जाणार नाही.

नॉब घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करा, तिथून उलट क्लिक मोजा. एकूण किती आहेत ते बघा आणि मध्यावर ठेवा. फुटपाथवरून सीटवर बसून खाली उतरा: मागची बाजू एकदा वर येऊन बसली पाहिजे. दोन-तीनदा डोलली तर एक क्लिक बंद.

प्रतिसाद ३
गळतीची शंका असेल तर साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर आणि सीलच्या कडेला लावा. मग पंप न लावता आज सॅग मोजा, उद्या सकाळी पुन्हा मोजा. तोच आला तर दुकानाचा विषय संपला.
एक इशारा. कधी शॉक खाली जाऊन तिथेच अडकला, हवा भरूनही पूर्ण लांब होईना, तर पाना लावू नका. निगेटिव्ह बाजूला दाब कोंडलेला असतो, एअर कॅन (शॉकचं हवेचं नळकांडं) उघडताना सुटून अंगावर येऊ शकतो. तसं झालं तरच सर्व्हिस सेंटर.

धागाकर्ता
रविवारी सगळं केलं. सायकल चिरंजीवांनी धरली, ओ-रिंग सौंनी सरकवली. दाबत दाबत भरल्यावर १५ मिमीला काटा १७२ वर थांबला. आज सकाळीही १५. साबणाला एक बुडबुडा नाही.
नॉबचे एकूण १२ क्लिक आहेत, मी बंदपासून दुसऱ्यावर होतो. आता सातव्यावर. त्याच पायऱ्या दोनदा उतरलो, शेवटचीही पहिलीसारखीच गेली. ओ-रिंग ४१ वर. आता ९ मिमी वापरातच येत नाही. आतला स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) काढू का?

प्रतिसाद २
उडी एकही मारली नाही म्हणता, मग उरलेले ९ मिमी कशाला हवेत आत्ताच? महिनाभर चालवा, चार मोठे दणके बसू देत. तरी ओ-रिंग तिथेच राहिली तर स्पेसरचं बघू. आणि तो लाल नॉब चिरंजीवांपासून लांब ठेवा.